मटकीचं बंडखोर मूळ

१ फेब्रुवारी १९९८, रविवार. सकाळी ९.
मिसळीसाठी बायकोने, ललिताने, मटकीला मोड आणले होते. तिने फडकं सोडलं आणि मी थक्क! मुळं वर, आडवी, एकमेकांच्या गळ्यात. खाली जायचं कुणाच्या मनातच नाही. अठरा वर्षं अकरावीला शिकवतोय: मूळ आडवं झालं की ऑक्झिन हे हार्मोन खालच्या बाजूला साठतं, तिथली वाढ मंदावते, मूळ खाली वळतं. ही मटकी वळत नाही. म्हणजे हार्मोन वाहून नेणारं जीनच बिघडलेलं! पीएच.डी.चा माझा विषय दोनदा नाकारलाय. तिसरी संधी शेवटची, असं गाईड सरांनी बजावलंय. आणि विषय सापडला स्वयंपाकघरात! मिसळ रद्द. मटकी जप्त. ललिताने पोहे केले.

३ फेब्रुवारी.
घोटीच्या बाजारात जाऊन मटकीवाल्या गोजराबाईंना गाठलं. बियाणं कुठलं, विचारलं. म्हणाल्या, घरचंच हाय, लय गोड लागतं. शास्त्रीय माहिती शून्य. पाच किलो घेतली. या जातीला नाव माझंच द्यावं लागेल. विनयापोटी फक्त आडनाव.

७ फेब्रुवारी.
ललिता म्हणाली, दाणे सुटे करून ओल्या टिपकागदावर लावून बघा. फडक्यात घट्ट बांधल्यावर मिळेल त्या फटीत घुसणार ना बिचारी. बी.कॉम. आहे ती. वाद घातला नाही. टिपकागद उद्या नक्की.

९ फेब्रुवारी.
कॉलेजचं गॅदरिंग. टिपकागद राहिला.

१२ फेब्रुवारी.
टिपकागद अनावश्यक. डोळ्यांना दिसतंय ते पुन्हा काय तपासायचं? त्याऐवजी प्रोजेक्टरवर दाखवायला ट्रान्सपरन्सीज केल्या, चार रंगांत. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, मुलीचं लग्न ठरलं.

२१ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.
पीएच.डी.चे विषय मंजूर करणारी कमिटी आमच्याच कॉलेजात बसली. माझं भाषण उत्तम झालं. पण गाईड सरांच्या सांगण्यावरून लॅब असिस्टंट सहादूने सकाळीच मी निवडून आणलेले मोडाचे वीस दाणे टिपकागदावर आडवे लावून कागद उभा ठेवला होता. चार वाजता सगळे बघायला गेलो. एकोणीस मुळं शिस्तीत खाली वळलेली. विसावं मात्र आडवंच! मी जवळजवळ ओरडलोच. सरांनी भिंग लावलं. म्हणाले, याचं टोक तुटलंय; खाली कुठे, हे त्या टोकालाच कळतं. दाणे निवडताना माझंच नख लागलं असणार. सरांनी फाईल मिटली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

२२ फेब्रुवारी, रविवार.
ललिताला सगळं सांगितलं. ती हसणार म्हणून दोन उत्तरं तयार ठेवली होती. ती हसली नाही. म्हणाली, चला, जेवून घ्या. फार वाईट वाटलं.