ज्वारीवर ज्वारी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं कधी लिहिलं नाही. आता लिहितेय, कारण गेला आठवडा मी वसमतभर एक वस्तू शोधत फिरले आणि ती काही मिळाली नाही. झँथन गम म्हणतात. पांढरी पूड असते, केकचं पीठ धरून ठेवते. माझ्या नातीला, म्हणजे तुझ्या पणतीला, गहू चालत नाही. चपाती, मैदा, रवा, बिस्कीट, काहीच नाही. खाल्लं की आतडी खराब होतात, अंगाला काही लागत नाही, आणि हे जन्मभराचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. काल तिचा सातवा वाढदिवस होता. शाळेत कुणी केक वाटला की ही आपला तुकडा मैत्रिणीला देऊन टाकते. यंदा तिला स्वतःच्या वाढदिवसाचा केक स्वतः खायचा होता, एवढंच तिचं मागणं. मी मोठ्या तोऱ्यात "करते की" म्हणून बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. जन्मात कधी मी केक केला नव्हता.

किराणावाल्यानं माझी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "काकू, कोण्या बिमारीवर असतंय हे?" म्हटलं, बिमारीवर न्हाई, केकात टाकतेत. "मंग आपला सोडा काहून टाकत न्हाई?" मेडिकलवाला म्हणाला, डॉक्टरनं लिहून दिलेलं दाखवा. शेवटी नातीला घेऊन बसनं हिंगोलीला गेले. तिथं केकच्या सामानाचं एक दुकान आहे, साचे काय, रंगीत साखर काय, मला त्यातलं ओ की ठो कळेना. दुकानदार भला माणूस. "हे इथं कोणी मागत न्हाई मावशी. हे तयार पाकीट न्या, दूध टाका आन् ठेवा ओव्हनमध्ये." मी घेतलंही असतं. नातीनं पाकीट फिरवून मागची बारीक अक्षरं बोटानं वाचली आणि म्हणाली, "आजी, मैदा हाय यात." त्यानं दुसरं दिलं, तिसरं दिलं. तिनं तीनही वाचली आणि नीट जागेवर ठेवून दिली, न रडता, न हट्ट करता. ती रडली असती तर बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये मोबाइलवर ती पूड मागवायला गेले, तर वाढदिवसानंतर पाच दिवसांनी येणार म्हणून दाखवलं.

मग ठरवलं, ज्वारीचाच करू. ज्वारी निवडली आणि गिरणीत गेले. "दादा, ज्वारीवर ज्वारी टाका. आधी गहू पडला असंल तर मी थांबते." तो म्हणाला, "थोडं पीठ मिसळलं तर काय होऊन राहिलं काकू? सगळं पोटातच जातंय." मी हललेच नाही. तीन बायकांची ज्वारी दळून होईपर्यंत उभी राहिले. आणि तिथं उभ्या उभ्या, माय, मला तू दिसलीस. आपल्या डोंगरकडा गावातली गिरणी आहे, मी नऊ वर्षांची आहे, आणि तू पदराखाली लहानशी थैली धरून गिरणीवाल्याला सांगतेस, "गव्हावर गहू टाक रं बाबा. ज्वारीचा कण येऊ देऊ नको. लेकरू आजारी हाय."

आपला धाकटा. आम्ही सगळे भाकरी खायचो आणि चपाती एकट्या त्याला. लोकाच्या रानात गहू काढायला जाऊन तू मजुरीत गहूच मागायचीस, कारण भाकरी त्याला जड पडेल आणि चपातीनं अंग धरेल, असं सगळेच म्हणायचे. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं फुगलेलं. जितका खंगला तितकी तू दुधात चपाती कुस्करून भरवत गेलीस. एकदा मी चुलीमागं बसून त्याची अर्धी चपाती खाल्ली, तर तू फुंकणीनं मारलंस मला. "त्याच्या तोंडचं खातीस? भाऊ नको व्हय तुला?" नंतर तू स्वतःच रडलीस. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, मला त्याला पोटभर गहू घालता आला न्हाई.

त्याला हेच होतं की दुसरं काही, आता कोण सांगणार? पण नातीला दवाखान्यात पहिल्यांदा उघडं करून तपासलं तेव्हा मी तिचं फुगलेलं पोट बघितलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. सून म्हणाली, बीपी वाढलं असेल.

केक फुगला नाही. विरी जाऊन भाकरी तुटायला लागलेल्या पिठाला तू आधण घालायचीस तसं मीही गरम पाणी घालून बघितलं, तरी साच्यातून काढताना त्याचे चार तुकडे झाले. मी ते वाटीत भरले, वर साय-साखर घातली आणि मेणबत्ती वाटीशेजारी लावली. पोरीनं सगळी वाटी संपवली. "आजी, हा केक न्हाई, पण चांगला हाय," म्हणाली. बिचारी माझी समजूत घालत होती. गिरणीत मी पुरेशी थांबले होते का, ह्या धास्तीनं काल संध्याकाळपासून मी तिच्या पोटावरून हात फिरवतेय. दुसरं काही येत नाही मला.

तू असतीस तर मला तुझी मदत झाली असती, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तू असतीस तर कुणी तुला वाचून दाखवू नये म्हणून मी डॉक्टरचा कागद कपाटात दडवला असता. पोरगी चपाती काहून खात न्हाई, असं तू विचारलं असतंस, आणि मी म्हणाले असते, काही न्हाई माय, लाडावलीय, आवडत न्हाई तिला.