टॉर्चचे सेल

३ मार्च, सोमवार
पंडितबाई आज पुन्हा वर्गात झोपल्या! बाकावर डोकं ठेवून, खुशाल! सरांचा फोन आला. नातीचं हे कौतुक ऐकायलाच मी जिवंत राहिलो. गेल्या वर्षी वर्गात पहिली, या सहामाहीला दोन विषयांत काठावर पास. रात्रभर मोबाइल — दुसरं काय?

मी उभा जन्म गोदामावर रात्रपाळीचा पहारा केला. कधी डुलकी नाही! शाळा सातवीपर्यंत, पण जागरणात पदवीधर. आता मात्र पाठ टेकली की थेट सकाळ.

५ मार्च, बुधवार
कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंचं पालकांसाठी भाषण. झोप झाली नाही तर वाचलेलं डोक्यात टिकत नाही, लक्ष लागत नाही, येणारी गणितंही चुकतात. वा! एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागतं? पुढच्या रांगेतले बाप माना डोलवत होते. निम्मे पेंगत होते.

घरी आल्यापासून एकच घोर. नापास झाली तर वर्ष गेलं. आईबापाविना पोर. उद्या मी गेलो तर हिचं काय?

७ मार्च, शुक्रवार
टॉर्चचे सेल पुन्हा संपले! परवाच नवे घातले होते. पांघरुणात घुसून कादंबऱ्या वाचत असणार. विचारलं तर — "राहू द्या ना आजोबा, मी आणते नवे."

शिवाय रोज दाराला खुर्ची लावून ठेवते. सकाळी दूध आणायला निघालो, गुडघा फुटला.
"ही काय पद्धत?"
"भीती वाटते मला."
भीती! घरात अख्खा पहारेकरी असताना!

माझ्या चपलांना चिखल. घालून जाते कुठे ही?

१० मार्च, सोमवार
गणिताच्या पेपरात झोपली. निम्मा पेपर कोरा! नको नको ते बोललो. "मी जन्मभर जागलो, तुला एक पेपर डोळे उघडे ठेवता येत नाहीत?"

रडली असती तर बरं. हसली. "तुमच्यासारखं जागायला नाही जमत, आजोबा."

१२ मार्च, बुधवार
खालच्या इस्त्रीवाल्याकडे शर्ट आणायला गेलो. आगाऊ माणूस.

"काय आजोबा, नोकरी सुटली तरी गस्त चालूच? रात्री टॉर्च घेऊन सगळ्या दुकानांची कुलपं ओढून बघता! मी हाक मारणार होतो, तर मागून नात आली तुमची. म्हणाली, झोपेत आहेत, दचकतील. पेपरच्या आदल्या रात्री तर पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेलात. बिचारी अनवाणी मागे."

गाढव म्हणालो त्याला. शर्ट तिथेच विसरलो.

१३ मार्च, गुरुवार
"सांगितलं का नाहीस?" — "तुम्ही काळजीने झोपलाच नसता."

उद्या तिचा शेवटचा पेपर. आज रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी घालायची, हे ठरलं. आत्ता दुपारी ती झोपली आहे. गाढ. भांडेवालीला परत पाठवलं, पोस्टमनला जिन्यातच गाठलं. दाराशी खुर्ची टाकून बसलोय.

मी जागा आहे.