जाड्या तारेचा बंदोबस्त

३ जानेवारी
संकल्प : यंदा गिटार. हदगावचं टायरचं दुकान धाकट्या भावाकडे, बायको शबाना तिथंच शाळेवर शिक्षिका. मी लातुरात, लेकीच्या जेवणाखाण्यासाठी. मनतशा दिवसभर क्लासला. भाजी-पोळी दहाला आटोपते. पुढं माणसानं करायचं काय? जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली, सोबत आवाज मोठा करणारा छोटा ॲम्प. व्हिडिओवाला म्हणतो सहा महिने लागतील. टायर उतरवणाऱ्या बोटांना सहा आठवडे पुष्कळ. घरमालकीण उमाबाई दरवर्षी गच्चीवर बिल्डिंगमधल्या बारावीच्या पोरांना निरोप देतात. त्या दिवशी वाजवणार. जाहीर करून टाकलंय.

८ जानेवारी
एक तार छेडली की बाकीच्या न बोलावता बोलतात. सगळ्यात जाडी तर थांबतच नाही. बोट सरकवलं की चर्र. मनतशा म्हणाली, अब्बा, गाणं कोणतं तेवढं तरी सांगा. तिला कान नाही. आईवर गेलीय.

११ जानेवारी, दुपार
सरासर अन्याय. ॲम्प भिंतीतल्या फडताळात ठेवला होता. जाडी तार घुमली. भिंतीपलीकडं उमाबाईंच्या मांडणीतली ताटं खणखणली. किल्लारीच्या भूकंपापासून ताट वाजलं की त्या बाहेर पळतात. ओरडत पळाल्या. मागोमाग अख्खी बिल्डिंग रस्त्यावर, पोरं ऑनलाइन टेस्ट सोडून. एक पोरगा डोक्याला शाम्पू लावलेला.
उमाबाईंची बहीण त्या भूकंपात गेली, हे आज कळलं. मला फार वाईट वाटलं. पण ताटं इतकी पातळ घ्यावीत का?

११ जानेवारी, संध्याकाळ
उमाबाई येऊन गेल्या. जावेदभाई, लई झालं, आता एक आवाज आला तर तुम्ही हदगावला अन् पोरगी हॉस्टेलला, असं म्हणाल्या. गेल्या वर्षी मनतशा हॉस्टेलला होती. रोज रडत फोन करायची, सहा किलो उतरली. परीक्षा तोंडावर. तिला परत तिथं पाठवणार नाही.
गिटारही सोडणार नाही.

१२ जानेवारी
सोपं आहे. नको ते आवाज बंद करायचे. हवे ते राहतील.

१६ जानेवारी
उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून वाजवायचं. जाडी तार गप्प! डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्यांवर. दोन-तीन कामाच्या ताराही गप्प बसल्या. शिस्त म्हटलं की थोडं असं व्हायचंच.

२१ जानेवारी
मनतशाचा केसांचा रबर गिटारच्या मानेला बांधला. चर्र कमी. मनतशा केस मोकळे सोडून क्लासला गेली. रागावली होती. मोठ्या कामात घरच्यांची साथ नसतेच.

२७ जानेवारी
भांडी घासायचा नवा स्पंज तारांखाली कोंबला. वा! व्हिडिओवाल्याला हे सुचलं नाही. पुण्याचा असणार.

२ फेब्रुवारी
उमाबाईंनी जिन्यात विचारलं, गिटार इकली का हो? मी नुसता हसलो. याहून मोठी पावती कोणती?

८ फेब्रुवारी
शबानाला फोनवर अख्खं गाणं ऐकवलं. संपल्यावर म्हणाली, हॅलो? हॅलो? हदगावचं नेटवर्क कधी सुधारणार कोण जाणे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
गच्ची भरली होती. उमाबाई पहिल्या रांगेत, खुर्चीच्या टोकावर, पळायच्या बेतात. मनतशा पाण्याच्या टाकीमागं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवलं. नको असलेला एकही आवाज नाही. डोळे मिटून शेवटचा कॉर्ड दिला आणि थांबलो.
डोळे उघडले तर सगळे वाट बघत बसलेले. मग उमाबाई म्हणाल्या, जावेदभाई, टकटक करून वायर बघून झाली असंल तर करा की सुरू.
झालं, असं मी सांगितलं. पोरं पोट धरून हसली. उमाबाईंचा विश्वास बसेना. मग खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, हे असंच वाजवणार असाल तर परीक्षा होईस्तोवर ऱ्हावा, आमचं काही म्हणणं न्हाई.
मनतशा टाकीमागून पळत आली आणि सगळ्यांदेखत गळ्यात पडली. अब्बा, लई भारी वाजवलं, म्हणाली. तिनं कान झाकून घेतले होते, हे नंतर कळलं.
वन्स मोअर कुणी मागितलं नाही. एकदा झालं हेच कुणाला कळलं नव्हतं.