चेन्नईत अण्णांना सांगायचंय

१९ डिसें., शुक्र. श्रीगोंदा

रजा मंजूर. प्राचार्य म्हणाले, "चेन्नई? म्हणजे तिरुपती करणार असाल." म्हटलं नाही, तिथे डिसेंबरभर मैफली असतात, गाणं ऐकायला. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. स्टाफरूममधल्या कु. मॅडमना मात्र भारी कौतुक. पुढच्या वर्षी त्यांनाही जायचंय, तेव्हा बघायचं काय, खायचं काय, रात्री करायचं काय, सगळं टिपून आणायची ऑर्डर आहे.

खरं काम वेगळंच. संध्याकाळी दादा आणि निवृत्तीकाका ओट्यावर माझी वाट बघत बसलेले. काका म्हणजे आमच्या भजनी मंडळात पुढे उभं राहून म्हणणारे. दोघांचं एकच, "सुमन, अण्णांना तूच सांग." अण्णांचा पखवाजाचा ठेका आता सरकतो. उजवा कान गेला, डावा त्याच वाटेवर, कानाचं मशीन कपाटात. डोळे मिटून वाजवायची सवय, त्यामुळे टाळ एकीकडे आणि पखवाज एकीकडे. बायका वळून बघतात. सबंध आयुष्य ज्याने पखवाज वाजवला त्या माणसाला म्हणायचं, अण्णा, आता उठा.

"तुम्ही का नाही सांगत?" विचारलं. काका म्हणाले, "आमी दर गुरुवारी भजनाला त्यांच्या शेजारी असतो. कसं सांगावं?"

आणि मी तर लेक. मला सोपं, नाही का!

मृदंग समोर बसून ऐकायचा हे अण्णांचं जुनं वेड. तेवढं पुरवायचं आणि तिथंच सांगून टाकायचं, असा माझा बेत. आधी पेढा, मग इंजेक्शन.

२१, रवि. गाडीत

दौंडला गाडी लेट. वहिनीने भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी एवढी बांधलीय की आम्ही तिकडे हॉटेल टाकावं. अण्णांनी अख्ख्या डब्याला मोठ्या आवाजात सांगितलं, "मद्रासला मृदंग ऐकाया चाललो." ऐकू कमी यायला लागल्यापासून त्यांचं हळू बोलणंच संपलंय.

सांगावं का आत्ताच? समोर पाच माणसं. नको.

२२, सोम. चेन्नई

कु. मॅडमसाठी: मैलापूरमध्येच उतरा. देवळाचं तळं, गोपुर, फुलबाजार, सगळं पायी होतं. डिसेंबर असला तरी स्वेटर नको. पण सभागृहात ए.सी. मरणाचा, शाल हवीच. दुपारच्या मैफली बहुतेक फुकट, नवी मुलं गातात, चुकवू नका. कॉफी मागताना साखर कमी सांगा.

कॉफी पितळी पेल्यात, खाली खोल वाटी. अण्णांनी कॉफी वाटीत ओतली आणि फुर्र करून प्यायले. मी इकडेतिकडे बघितलं. कोणाला काही वाटलं नाही. अण्णा खूष. "बशी अशी पाहिजे. सांडत न्हाई."

दिवसभर मनात एकच. देवळात सांगू? देवळात कसं सांगायचं. तळ्याकाठी? तिथे गर्दी.

२३, मंगळ.

पहाटे लोक देवळाभोवती गात फिरतात. दारोदार मोठाल्या रांगोळ्या. अण्णा चपला हातात घेऊन त्यांच्यात घुसले, शब्द एक कळत नव्हता तरी टाळ्या धरून चालले. "आपली काकड आरतीच की ही!" एक फेरी झाली तरी थांबेनात. त्यांचं बरं आहे. मला झोप नाही, भूक नाही, पायाला नुसती भिंगरी.

संध्याकाळी मरीना. (मॅडम, उकडलेल्या हरभऱ्याला खोबरं-कैरी लावून देतात, जरूर खा. समुद्राच्या फार जवळ जाऊ नका, लाटा ओढतात.) वाळूत बसलो. ठरवलं, हीच जागा. श्वास घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. ठेका सरकतो, मंडळी म्हणतात दुसरं कोणी बसवू, तुमचा मान राहीलच, सगळं.

अण्णा समुद्राकडे बघत होते. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते! लाटांचा आवाज, त्यात तो कान. वळून म्हणाले, "काय म्हनलीस?"

"हरभरे अजून आणू का?"

"आन."

गाढव आहे मी.

२४, बुध.

आज मोठी मैफल. आधी कॅन्टीन. सभागृहाच्या मागे मांडव, केळीचं पान, वाढपी धावतच वाढतात. अण्णांनी रसम ओंजळीत घेऊन प्यायलं, वर आणखी मागितलं. पायसम पानावरच वाढतात, पळायच्या आत खा.

इथे ऐकणारे सगळे ताल हाताने धरतात. मांडीवर थाप, मग बोटं मोजायची, मग उताणा हात. म्हातारे, कॉलेजच्या मुली, सगळे. अण्णांना फार आवडलं. त्यांनी आठ मात्रा लगेच पकडल्या, डोळे मिटले आणि हात चालू.

मग गाणारी बाई थांबली, मृदंग एकटा सुरू झाला आणि अर्धं सभागृह उठून कॅन्टीनकडे निघालं. अण्णा तडकले. "आरं, आत्ता तर सुरू झालं! ही मान्सं चालली कुठं?" पुढचे दोघे हसले. (मॅडम, खरंच अशी पद्धत आहे. वडे तेव्हाच गरम मिळतात. पण तुम्ही उठू नका.)

लोक गेले आणि उरलेल्यांचे हात नीट दिसायला लागले. सगळे एकदम पडत होते, आणि मागाहून अण्णांचा एकट्याचा. शेजारी लुंगीतले एक आजोबा. त्यांची थाप पडून जायची, मग आमची. अण्णांनी डोळे उघडले. आजोबांच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. जुळवून घेतलं. पुन्हा डोळे मिटले. काही वेळाने उघडले तर पुन्हा मागे. पुढच्या रांगेत बघितलं, पलीकडे बघितलं. मग हात शालीखाली घेतला.

मला तिथेच रडू आलं. मृदंगवाला काय वाजवत होता, देव जाणे.

२५, गुरु.

 अण्णा कॉफी पेल्यातूनच प्यायले. सकाळच्या मैफलीला मात्र माझ्या आधी तयार. पूर्ण वेळ डोळे उघडे, नजर शेजाऱ्याच्या हातावर. दादाचा फोन, "सांगितलंस का?" म्हटलं, समुद्राला सांगितलं. त्याला कळलं नाही. समजावत बसायचा धीरही नव्हता.

कु. मॅडमसाठी, रात्री करायचं काय: काही नाही. नऊला गाणं संपतं, कोपऱ्यावर डोसा खायचा, आडवं व्हायचं. पहाटे पुन्हा गाणं असतं.

२७, शनि. परतीची गाडी

जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "सुमे, हात धर. आठ मात्रा." मी मांडीवर थाप टाकायला लागले. त्यांनी पिशवी पुढ्यात घेऊन तिच्यावर ठेका धरला. माझ्या हाताकडे बघत होते तोवर चोख. अगदी पूर्वीसारखा. मग रंगात आले, सवयीने डोळे मिटले.

"गेलं का?"

"गेलं."

"कवापासनं?"

"उन्हाळ्यापासून."

"समद्यांना म्हाईत?"

हो म्हणाले. एवढ्यासाठी अख्खा प्रवास केला आणि शेवटी त्यांनी विचारलं म्हणून सुटले. मोकळं मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. अण्णांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "निवृत्तीला बी? आन त्यो गप बसला?"

"त्यांच्याच्याने बोलवेना अण्णा."

"हां," म्हणाले. 

३१, बुध. श्रीगोंदा

कॉलेजात मन नाही. दोन तासांना एकच धडा शिकवला, मुलांनीही सांगितलं नाही. कु. मॅडमना टिपणं दिली. विचारतात, मजा आली का? काय सांगू.

संध्याकाळी अण्णांनी दादाला आणि काकांना बोलावलं. मला वाटलं, सोडला पखवाज. अण्णा म्हणाले, "उद्या मीच बसनार. डोळं उघडं ठिवून. सुमी म्होरं बसून हात धरंल, मद्रासवानी."

दादा म्हणाला, "पखवाजाच्या पुढ्यात बाई? आपल्यात बायका खांबापलीकडं बसतात अण्णा. लोक काय म्हणतील?"

"लोक उन्हाळ्यापासनं म्हनत्यातच की."

काका खाली मान घालून बसले होते. हळूच म्हणाले, "बसू द्या. मी सांगतो समद्यांना." अण्णांना ते ऐकू गेलं नसावं. मी मोठ्याने सांगितलं.

मग अण्णा मला एकटीला म्हणाले, "हात बघूनबी मी मागं पडाया लागलो, तर हात थांबव. मांडीवर ठिवून दे. मला समजंल. पखवाज खाली ठिवीन, कुनाला बोलावं लागनार न्हाई."

मी हो म्हणाले. काय करणार.

आत्ताही मांडीवर थाप टाकून बघतेय. आठ मात्रा बरोबर येतात. फक्त थांबवून बघायचा धीर होत नाही. उद्या त्या सगळ्यांच्या देखत, अण्णा माझ्याकडे बघत असताना, हा हात मला थांबवता येईल का?