सोमवारचा सावकाश फोन

सगळ्यात आधी दारात आला तो तुहा गौरव, त्याच्या मागं तेजस्विनी, अन् दोघांच्या मागं न बोलावता आमची शेजारीण केसरबाई. चि. तृप्तीले आजीचे आशीर्वाद, खाणंपिणं नीट करते का, हे आधी लिहायचं होतं, ते इथंच समजून घे. (माहे गुडघे बरे हायेत.)

पोरं गुणाची हायेत. तुह्या हाताखाली काम करतात म्हणून संत्री सोलून दिली (बाकी पाहुण्यांले मी न सोलताच देते). गौरवनं समजावून सांगतलं. कपाशीचे पैसे आले का बियाण्यासाठी थोडे बाजूला ठेवा, असा तुह्या आवाजात भरून ठेवलेला फोन दर सोमवारी अर्ध्या गल्लीले जाते, अर्ध्या गल्लीले नाही. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली. मग फरक पाहायचा, अन् त्यातून गरिबी कमी करायची तरकीब काढायची. तू दिल्लीत इतके वर्ष काय करून राहिली ते मले आत्ता समजलं. चांगलं काम हाय बाई.

पण चिठ्ठी निघाली केसरबाईची, माही नाही. माह्या नातीचा आवाज शेजारी येणार अन् मी घरी बसू? मी जाऊन बसली म्हणून समोरची छाया आली, छाया आली म्हणून सारी गल्ली. केसरबाई फोन ताटलीत ठेवते, आवाज मोठा होते. तू म्हणते, ताई, या आठवड्यात काही बाजूला ठेवलं का? (मले ताई म्हणते, चालते.) मग मी एकेकीकडे पाहून विचारते, ठेवलं का वो? सगळ्यांसमोर नाही कोण म्हणणार? आता साऱ्याजणी ठेवूनच येतात.

हे ऐकून गौरवचं तोंड उतरलं. म्हणे, आजी, ज्यांना फोन नाही त्यांनी ऐकायचंच नव्हतं, आता फरक कशात पाहू? म्हटलं, फरक नाही राहिला तर चांगलंच ना बापा. तेजस्विनी ओढणीत हसली. पण आपल्या बोरगावातलं तुहं सारं काम वाया गेलं म्हणे. तुहे साहेब रागावले तर म्हातारीचं नाव सांग.

तुही आजी

ता.क. इथले फोन बंद करणार म्हणे. कर. पण एक माह्या नंबरवर चालू ठेव. रविवारी तू खरा फोन करते अन् मीटिंग हाय म्हणून लगेच ठेवते. सोमवारी सावकाश बोलते, विचारून थांबतेही. तेवढ्यात मी तुले सांगून घेते, काय रांधलं ते.

आणखी ता.क. केसरबाईले हे सांगू नको, तिले वाटते मी बियाण्यासाठी येते. फोन बंद करायले ती दोघं अक्षयतृतीया झाली का येणाऱ्या बुधवारी येतो म्हणाले. त्याच्या आधी सोमवार येते.