भाडेकरूचं वाण

१९ मे
झालं! चॅनलला मी लिहितो त्या मालिकेतल्या रुद्रचा जोडीदार खुपला. मेलेला नवरा दोनदा परत आलेला चालतो. दोन पुरुषांनी एका घरात राहावं, भाज्या निवडाव्यात, भांडावं — तेही चालतं. प्रेम तेवढं नको! चॅनलची अपूर्वा म्हणाली, "सर, त्याला भाडेकरू करून टाका ना. फॅमिली ऑडियन्स आहे." शिवाय अधिक महिना, म्हणून जावयाला अनारशांचं वाण देण्याचा खास भागही हवाय.

भाडेकरू! आल्हाद इतकी वर्षं माझ्यासोबत राहतोय, आणि आईला मी त्याची ओळख हीच करून दिलीय. माझीच थाप मला परत विकतात!

२१ मे
"म्हणजे टीव्हीतही मी भाडेकरूच?" आल्हाद एवढंच म्हणाला आणि दोडके सोलायला बसला. ज्या जोराने सोलत होता, त्यावरून दोडक्यांच्या जागी मीच होतो.

२३ मे
भाग लिहिला. अगदी सोवळा. एकच शब्द आत सोडला. चष्मा हरवला की रुद्र भाडेकरूला हाक मारतो — "अहो, ऐकलंत का?" आल्हादला चिडवायला मी अशीच हाक मारतो. आई देवळात गेली असं समजून.

२५ मे
पास! अपूर्वा खूश. "'अहो' मस्त आहे सर. भाडेकरूला रिस्पेक्ट दिलाय." इंग्रजी शाळांचं कल्याण होवो!

२ जून
आज भाग लागला. आई खुर्ची पुढे ओढून बसलेली. शेजारच्या लंकाबाईही होत्या. "आता गं बाई! भाडेकरूला कुणी अहो म्हनतं का?" आल्हाद चहाच्या निमित्ताने आत पसार. मी रिमोट उलटासुलटा करून बघत बसलो.

लंकाबाई गेल्यावर आई म्हणाली, "वाक्य घरातलं ढापलंस." आणि खोलीत निघून गेली.

म्हणजे देवळात नव्हतीच!

३ जून
आई बोलत नाही. तांदूळ भिजत घातलेत.

५ जून
तांदूळ अजून भिजताहेत. कशाला, विचारलं. "तुला काय करायचंय?" आल्हाद म्हणतो, मी दुसरीकडे खोली बघू का? मी म्हटलं, गप्प बस. हसलो नाही कुणीच.

११ जून
चांदीची ताटली, अनारसे, वर दिवा. आईने आल्हादला पाटावर बसवलं. त्याला काय करावं कळेना, तो नुसताच चष्मा पुसतोय. मी एक अनारसा उचलायला गेलो, तर हातावर फटका —

"थांब मेल्या! आधी जावयाला."