खांबावरचे पट्टे

सोमवार, ३
देवाच्या दयेने नोकरी लागली. हे ज्या इमारतीवर सळया बांधतात, तिथल्याच सेफ्टीच्या खोलीत. पंखा आहे, खुर्ची आहे. दहावी पास झाल्याचं एवढ्या वर्षांनी चीज झालं. हिशेबाच्या वहीतच मागून लिहितेय, नवी वही कशाला.
काम सोपं. सकाळी प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा बांधायचा, संध्याकाळी पुसून चार्जिंगला लावायचा. पट्टा नाडी मोजतो. पडद्यावर प्रत्येकाचा एक ठिपका, पट्ट्यावरही तसाच बारीक दिवा: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दमला, लाल म्हणजे धावा. साहेब म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही. हे म्हणाले, घरात तुझी नजर होतीच, आता कामावरही.

गुरुवार, ६
ऊन मी म्हणतंय, पण पडद्यावर एकही पिवळा नाही. पट्टे पुसते तर फडकं कोरडंच. दिवसभर उन्हात राबलेल्याचा पट्टा घामट नको? मुकादमाला विचारलं. म्हणाला, वहिनी, हिरवळ दिसतेय ना, मग मुळं कशाला उकरता.

शनिवार, ८
ह्यांच्याकडून काढून घेतलं. पिवळा झाला की खाली बसवतात आणि अर्धी हजेरी जाते. म्हणून वर गेले की सगळे पट्टे काढतात आणि मागच्या जिन्यातल्या खांबातून बाहेर आलेल्या सळईला अडकवतात. तिथे ठिपके हिरवेच राहतात. सळईला कुठली नाडी, मी विचारलं. हे म्हणाले, तेवढं कुणी विचारत नाही. तो खांब ओतला त्या दिवसापासून एक गवंडी दिसलेला नाही. मुकादम म्हणतो गावी गेला. पण त्याच्या घरून अजून फोन येतात, आणि मुकादम उचलत नाही.

मंगळवार, ११
कालपासून पट्टे संध्याकाळी खाली येतच नाहीत, खांबावरच राहतात, चार्जिंगशिवाय हिरवेच. हे आता दमत नाहीत. जेवण दोन घास. घाम नाही. डोक्याला तेल लावताना कपाळ माठासारखं गार लागलं. मनगट धरलं, नाडी सापडेना. म्हणाले, तुला बघता येत नाही. सासूबाईंची शेवटपर्यंत मीच बघत होते. पट्टा हातातच ठेवा म्हणून विनवलं. म्हणाले, खांबापासून काढला की चक्कर येते.

बुधवार, १२
दुपारी मीच देवाचं नाम घेत जिन्यात गेले. सळईवर सगळे पट्टे एका ठेक्यात लुकलुकत होते. खांबाला तळहात लावला. आत ठोके.
साहेबांना सांगितलं. त्यांनी पडदा दाखवला, अपघात शून्य म्हणाले, आणि बाई, तुम्हाला त्रास काय. मुकादम दारात उभा राहून ऐकत होता.

गुरुवार, १३
जेवणाच्या सुट्टीत ह्यांना जिन्यात नेलं, समोर बसवलं, ह्यांचा पट्टा सळईवरून ओढून काढला. लाल झाला — हे बसल्या जागी आडवे. ह्यांच्याच हाताला बांधला — लालच. खांबाला परत द्यायचा नव्हता. माझ्या मनगटाला बांधला —
हिरवा.
ह्यांनी डोळे उघडले. पाणी मागितलं.

संध्याकाळ
घाम फुटलाय ह्यांना. शर्ट भिजलाय, पोटभर जेवले. देवा, तुझे उपकार. पट्टा जरा सैल केला तर श्वास अडखळतो — सैल करायचा नाही.
शेगडीला चिकटून बसलेय, ऊब लागत नाही. पट्ट्याखाली ठोका आहे, पण तो ह्यांचा, ह्यांच्या श्वासाबरोबर चालतो. माझा सापडतो का म्हणून दुसऱ्या मनगटावर बोट ठेवलंय — मघापासून — दाबून बघतेय, इथे